विमा कंपनीचं मन दुखवू नका

अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञाची प्रॅक्टिस चालवायची म्हणजे दिवसभर लोकांची मनं सांभाळायची. त्यात एका मनाकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होतं, ते म्हणजे विमा कंपनीचं. तुमचा प्रत्येक क्लेम मंजूर झाला की तिच्या खिशातून पैसा जातो, आणि त्या वियोगावर अजून कुठलं औषध निघालेलं नाही. तिचं हे दुःख हलकं करणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. फार काही करावं लागत नाही. योग्य जागी थोडा निष्काळजीपणा केला की झालं.

बहुतेक डॉक्टरांची समजूत अशी की पैसा बिलिंग विभागात बुडतो. बिलिंगवाले बिचारे फक्त अंत्यविधी उरकतात. पैसा गतप्राण होतो तो त्याच्या कितीतरी आधी, दोन ठिकाणी: पहिल्या फोनवर, आणि संध्याकाळी घाईघाईत लिहिलेल्या तुमच्या नोटमध्ये. ही दोन ठिकाणं नीट बिघडवून ठेवा. पुढचं आपोआप होतं.

फोनपासून सुरुवात करू. नवा पेशंट आला की विम्याच्या कार्डाची फक्त पुढची बाजू स्कॅन करून घ्या. मागची बाजू चुकूनही पाहू नका, कारण मानसिक आरोग्यासाठीचा वेगळा फोन नंबर बहुधा तिथेच बारीक अक्षरात छापलेला असतो. पुष्कळ योजनांमध्ये शरीराचे आजार एक कंपनी सांभाळते आणि मनाचे आजार तिने दुसऱ्याच कंपनीकडे सोपवलेले असतात. त्या दुसऱ्या कंपनीचा पेयर आयडी (क्लेम कुणाकडे जायचा ते सांगणारा क्रमांक) वेगळा, नियम वेगळे, आणि तिच्या यादीत तुम्ही आहात की नाही हाही प्रश्न वेगळाच. पुढची बाजू पाहून क्लेम पाठवला की तो चुकीच्या दारात जाऊन पडतो, तिथे काही आठवडे विसावतो आणि मग ‘आमचा संबंध नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. तोवर पेशंटची चार सेशनं झालेली असतात. आमच्या मते या शाखेची खरी खुमारी इथेच आहे. हाडवैद्याकडे माणूस एकदा येतो, तुमच्याकडे तोच माणूस दर आठवड्याला येतो. त्यामुळे एका चुकीचं पीक इथे वर्षभर निघत राहतं.

पात्रता तपासायचीच असेल तर पडद्यावर ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द दिसला की थांबा. डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) किती उरलंय, मानसोपचाराला को-पे (दर भेटीला पेशंटने भरायचा वाटा) वेगळा आहे का, व्हिडिओवरची भेट चालते का, आधी परवानगी लागते का, हे सगळं त्याच उत्तरात किंवा एका फोनवर कळतं. म्हणून तर तिकडे बघायचं नाही. जानेवारीत विशेष काळजी घ्या. वर्ष बदललं की डिडक्टिबल बहुतेकांचं पुन्हा शून्यापासून सुरू होतं, नोकरीतले विमे बदलतात, कार्डं बदलतात. अशा वेळी जुन्या पेशंटला ‘कार्ड बदललंय का?’ असं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं! सीओ-२७, म्हणजे ‘विमा संपल्यानंतरचा खर्च’, हा नकार आला की विचारता येईल.

को-पेच्या बाबतीत ताकाला जाऊन भांडं लपवण्याची आपली परंपरा सोडू नका. माणूस एवढ्या त्रासात आहे, त्याच्याकडे दारातच पैसे कसे मागायचे? तेव्हा मागू नका. मागाहून टपालाने तीन-तीन बिलं पाठवा, कागद, तिकीट आणि एका माणसाचा वेळ खर्च करा, आणि मग रक्कम सोडून द्या. उदारपणा फारच उफाळून आला तर मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या, पेशंटांचे को-पे सरसकट माफच करून टाका. गरज तपासून, नोंद ठेवून एखाद्याला दिलेली सूट वेगळी. सरसकट माफी केंद्रीय कायद्याच्या नजरेत पेशंट ओढण्यासाठी दिलेलं आमिष ठरू शकते, आणि मग वकिलाची फीसुद्धा तुमच्या औदार्याच्या खात्यात जमा होते.

आता नोट. इथे जरा रेंगाळू, कारण इथे कला आहे.

समजा, पेशंटला नैराश्य आणि चिंताविकार असे दोन जुने आजार आहेत, दोन्ही सध्या स्थिर. तुम्ही औषधांचा आढावा घेतला, डोस तोच ठेवायचं ठरवलं, आणि त्यानंतर वीस मिनिटं मानसोपचार केला. सरळ मार्ग असा: दोन स्थिर दीर्घकालीन आजार आणि औषधयोजनेचा निर्णय म्हणून भेटीचा बिलिंग कोड ९९२१४, आणि सोबत मानसोपचाराचा जोडकोड ९०८३३. त्यासाठी नोटमध्ये चारच गोष्टी लागतात. दोन्ही आजारांची आजची स्थिती. औषध का चालू ठेवलं किंवा का बदललं. मानसोपचाराची मिनिटं, औषधांच्या कामापासून वेगळी मोजलेली. आणि त्या मिनिटांत नेमकं काय केलं, कुठल्या पद्धतीने. हे लिहायला दोन मिनिटं पुरतात.

तुम्ही काय लिहायचं? ‘४५ मिनिटं पेशंट पाहिला. सपोर्टिव्ह थेरपी. औषधं तीच. पुढची भेट महिन्याने.’ या एका ओळीत विमा कंपनीच्या तपासनिसाला औषधं कुठे संपली आणि मानसोपचार कुठे सुरू झाला हे कळत नाही. मग तो जोडकोड छाटतो, आणि हात लागलाच आहे म्हणून ९९२१४ चंही एक पायरी खालचं ९९२१३ करून टाकतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. जोडकोड असला की मुख्य भेटीची पातळी वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवरूनच ठरते, वेळेवरून ठरवता येत नाही. पण तुम्ही एकूण वेळच लिहा. ते सोपं पडतं.

मिनिटांचे उंबरठे पाठ असणं धोक्याचं. १६ ते ३७ मिनिटांना तीस मिनिटांचा कोड, ३८ ते ५२ ला पंचेचाळीसचा, ५३ पासून पुढे साठचा. पंधरा मिनिटांच्या मानसोपचाराला काहीच नाही. ३७ आणि ३८ मध्ये फरक एका मिनिटाचा आणि कोड मात्र अख्खा वेगळा, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघणं हेच उत्तम. नाहीतर दुसरं टोक गाठा: पेशंट कुणीही असो, सेशन रोज बरोब्बर ५३ मिनिटांचं. साठ मिनिटांचा ९०८३७ हा कोड विमा कंपन्यांच्या आधीच डोळ्यावर आलेला आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तोच कोड दिसला की त्यांचं प्रेमपत्र लवकर येतं.

नोट पुढे ढकलण्याची, म्हणजे गेल्या वेळची तशीच उचलून आणण्याची सोय सॉफ्टवेअरने दिली आहे ती वाया घालवू नका. ‘गेल्या आठवड्यात आई वारली’ हे वाक्य मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला दिसलं तर त्यात वावगं काय? आई दर आठवड्याला वारते आणि तपासनिसाला दर आठवड्याला नवा मुद्दा मिळतो.

ज्यांचा स्वभाव भिडस्त आहे त्यांच्यासाठी पापभीरू मार्ग आहे: प्रत्येक भेटीला ९९२१३. ऑडिट नको, कटकट नको. २०२१ पासून बाह्यरुग्ण भेटीची पातळी ठरवताना इतिहास आणि तपासणीचे मुद्दे मोजत बसावं लागत नाही, हे मनावर घेऊ नका. पूर्वीप्रमाणे दोन पानं अवयवांची प्रश्नावली भरत राहा आणि औषधाचा निर्णय कसा घेतला ते तेवढं वगळा. मेहनतही दिसते आणि पैसेही कमी मिळतात.

थेरपीच्या खाजगी टिपणांचीही गंमत आहे. पेशंटची माहिती गुप्त ठेवणाऱ्या हिपा कायद्यात त्यांना वेगळं संरक्षण आहे आणि ती मुख्य रेकॉर्डपासून अलग ठेवायची असतात. तुम्ही सगळंच त्या कुलूपबंद टिपणांत लिहा: सेशन सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, उपचारपद्धत, निदान, औषध. कायद्याने याच गोष्टी त्या संरक्षणातून बाहेर काढल्या आहेत, म्हणजे त्या मुख्य नोटमध्ये असायला हव्यात, हे कळलं तरी कळलं नाही असं दाखवा. रेकॉर्डची मागणी आली की तुमच्याकडे दाखवण्यासारखं असतं ते कोरं पान, आणि जे लिहिलेलं असतं ते दाखवण्यासारखं नसतं.

पीएचक्यू-९ चा, म्हणजे नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांचा, कागद पेशंटकडून भरून घ्या, बेरीज करू नका, फाइलला टाचा. बेरीज करून, निष्कर्ष नोंदवून प्रत्येक प्रश्नावलीमागे ९६१२७ हा कोड लावता येतो. रक्कम लहान असते, म्हणून तर ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

व्हिडिओ भेटींत ठिकाणाचा कोड डोळे मिटून ०२ ठेवा. पेशंट घरून बोलत असेल तर तो १० असायला हवा, आणि मेडिकेअर २०२४ पासून १० ला ऑफिसच्या भेटीसारखा दर देते, ०२ ला कमी देते. हा फरक सॉफ्टवेअरमधल्या एका चौकटीत दडलेला आहे. ती चौकट ज्याने पहिल्या दिवशी भरली तो केव्हाच नोकरी सोडून गेलाय. त्याच्या आठवणीखातर तरी बदलू नका.

नवी नर्स प्रॅक्टिशनर (निदान करून औषधं लिहून देऊ शकणारी नर्स) रुजू झाली की दुसऱ्याच दिवशी तिच्यासमोर पेशंट बसवा. विमा कंपन्यांची नोंदणी व्हायला कित्येक महिने जाऊ शकतात, तेवढं कोण थांबतं? तोवर क्लेम तुमच्या एनपीआयवर, म्हणजे तुमच्या राष्ट्रीय ओळखक्रमांकावर, जाऊ द्या. मेडिकेअर तिच्या नावावर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देते, तुमच्या नावावर पूर्ण. पंधरा टक्क्यांचा फायदा! फक्त तुमच्या नावावर बिल करायला उपचार तुम्ही सुरू केलेला हवा आणि देखरेख तुमची हवी. कोऱ्या नव्या पेशंटला ते लागू होत नाही, आणि हा प्रकार खोट्या दाव्यांच्या कायद्याखाली गेला तर नुकसानभरपाई तिप्पट असते. पंधरा टक्क्यांचं गणित तिथवर मांडायचं नसतं. बाकी विमा कंपन्या डॉक्टरांची माहिती जिथून घेतात त्या सीएक्यूएचमधली तुमची माहिती साधारण दर १२० दिवसांनी ‘बरोबर आहे’ असं पुन्हा कळवायची असते, तो ईमेल जाहिरातींच्या फोल्डरमध्ये सुखाने राहू द्या.

टीएमएसचं, म्हणजे चुंबकाने मेंदूला चेतना देऊन नैराश्यावर उपचार करणारं, मशीन घेतलं असेल तर तुमच्या हातात मोठं हत्यार आहे. परवानगी साधारण ३६ सत्रांची मिळते, आणि त्या पत्रात कोड, संख्या आणि मुदत या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. तुम्ही फक्त ‘मंजूर’ एवढंच वाचा. मधे पेशंट आठवडाभर गावाला गेला, मुदत उलटली, तरी सत्रं चालू ठेवा. मोटर थ्रेशोल्ड (चुंबकाचा जोर किती ठेवायचा ते ठरवणारं माप) पुन्हा मोजावा लागला आणि त्याचा कोड ९०८६९ पत्रात नव्हता, तरी करून टाका. मागाहून केलेला परवानगीचा अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं. पण घोडं तर आहे ना!

एवढं करूनही काही क्लेम सरळ निघून जातातच. त्यांच्यासाठी शेवटची तटबंदी. क्लेम पाठवला म्हणजे पोहोचला असं समजा. क्लेम विमा कंपनीपर्यंत पोहोचवणाऱ्या क्लिअरिंगहाऊसने जन्मतारखेतल्या एका अंकावरून तो उंबरठ्यावरच परतवला असेल, तर त्याची नोंद पोचपावतीच्या रिपोर्टमध्ये येते. तो रोज उघडायचा असतो, म्हणजे कुणीच उघडायचा नाही. विमा कंपनीने असा क्लेम पाहिलेलाच नसतो, त्यामुळे ती नकारही देत नाही, आणि तुम्ही नकाराची वाट पाहत बसता. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

नकार आलाच तर क्लेम दुरुस्त करून नव्यासारखाच पुन्हा पाठवा. खाजगी कंपन्यांकडे दुरुस्तीच्या क्लेमवर सात आकडा आणि मूळ क्लेमचा नंबर टाकायचा असतो, कागदी फॉर्मवर बाविसाव्या रकान्यात. तो रकाना रिकामा सोडलात की सीओ-१८ येतं, ‘हा क्लेम आम्ही पाहिलाय’. मग तुम्ही तोच तिसऱ्यांदा पाठवायचा. मानसिक आणि शारीरिक आजारांना विम्यात समान वागणूक देणारा २००८ चा केंद्रीय कायदा अपिलाच्या पत्रात आणू नका, वातावरण उगाच गंभीर होतं.

आलेली रक्कम करारातल्या दराशी ताडून पाहणं तर निव्वळ असभ्यपणा. करार कुठल्या कपाटात आहे हेच कुणाला ठाऊक नसेल तर उत्तम. आणि तुमची स्वतःची फी करारातल्या दरापेक्षाही कमी ठेवलीत तर सोन्याहून पिवळं: कंपनी सहसा दोन्हींतला लहान आकडा देते, आणि तो तुम्हीच लिहून दिलेला असतो.

मेडिकेअर क्लेमसाठी सेवेच्या तारखेपासून एक वर्ष देते, काही खाजगी कंपन्या जेमतेम ९० दिवस. तो दिवस उलटला की सीओ-२९ येतं. त्यातल्या ‘सीओ’चा अर्थ असा की ही रक्कम करारानुसार तुमचीच गेली, पेशंटकडेही मागता येत नाही. बिलर तुमच्याकडे यादी घेऊन येईल आणि म्हणेल, ‘डॉक्टर, एवढी माफ करायची का?’ मान डोलवा. सॉफ्टवेअर कारण विचारतं, त्याची यादी खाली उघडते: मुदत उलटली, परवानगी नव्हती, चुकीचा पेयर, अपुरी नोट. अगदी शेवटी ‘इतर’ आहे. तेच निवडा.