वयस्कर खेळाडूंची टूर म्हणजे दयेचं दान? एकेका मुद्द्याला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. खाली कुणाचं नाव नाही, पण ब्रह्मपुरी, वडसा, नागभीडकडच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर तो येऊन गेला. म्हणणं असं: पूल आणि स्नूकरच्या वयस्कर व्यावसायिक खेळाडूंसाठी वेगळी सीनियर टूर, म्हणजे त्यांच्यापुरती स्पर्धांची मालिका, काढणं म्हणजे दयेपोटी दिलेलं दान. पन्नाशीत नजर गेलेली असते, हात थरथरतो. म्हाताऱ्यांचा खेळ बघायला कुणी येत नाही. दम असेल तर खुल्या स्पर्धेत उतरावं. त्यांच्यावर घातलेला पैसा हा तरुणांच्या ताटातला घास. आणि शेवटी, आपल्या खेड्यापाड्यात या खेळाशी कुणाला काय देणंघेणं. खाली टाळ्या आणि हसरे चेहरे पडताहेत. मला यातलं जवळजवळ सगळं चूक वाटतं, आणि बरंचसं तर नोंदींपुढेच टिकत नाही.

“पन्नाशीत नजर जाते, हात थरथरतो.”

आधी नजर. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं अंधुक दिसतं, म्हणून पेपर लांब धरून वाचावा लागतो. पण टेबलावर वाकलेल्या खेळाडूला पेपर वाचायचा नसतो. पांढरा बॉल त्याच्या डोळ्यांपासून साधारण मीटरभर लांब, ज्याला मारायचं तो बॉल त्याच्याही पुढे. नऊ फुटी पूल टेबलावर हे अंतर बरंच होतं, बारा फुटी स्नूकर टेबलावर आणखी जास्त. वाचायच्या चष्म्याचं अंतर इथे फारसं कामालाच येत नाही. चष्मेवाल्याची खरी अडचण निराळी. वाकून मान वर केली की नजर फ्रेमच्या वरच्या काठाला जाते, नेमकी काच संपते तिथे. हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच सुटला. डेनिस टेलरने उंच काचांचा, उलटा बसवल्यासारखा दिसणारा चष्मा घालून १९८५ ची स्नूकरची जागतिक स्पर्धा जिंकली. स्टीव्ह डेव्हिसविरुद्धचा तो अंतिम सामना १८-१७ असा, शेवटच्या काळ्या बॉलवर सुटला. मध्यरात्र उलटून गेली तरी ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसून होते.

आता हात. पूलमध्ये पूर्ण ताकद लागते ती मुख्यतः ब्रेकला, म्हणजे डाव सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्याला, आणि ब्रेकमध्ये तरुण पोरं पुढे आहेत हे मी मान्यच करतो. नाइन बॉल या पूलच्या प्रकारात चांगला ब्रेक बसला की निम्मं काम झालेलं असतं. पण पुढचा सगळा खेळ कोपरापासूनचा हात झुलवून, जोर आवरून खेळायचा असतो. पांढरा बॉल कुठे थांबवायचा, समोरच्याला मार दिसणार नाही असा कुठे लपवायचा, लपलेल्या बॉलला कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी काठावर आपटून, कसं गाठायचं, हे खेळून खेळूनच येतं.

फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसचंच घ्या. जन्म १९५४ चा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रेनो शहरात इंटरनॅशनल पूल टूरची वर्ल्ड ओपन झाली, पहिलं बक्षीस ५ लाख डॉलर. तोवर पूलमध्ये एवढी रक्कम कुणी लावली नव्हती. जगातले तगडे तरुण तिथे होते, आणि जिंकला ५२ वर्षांचा रेयेस. स्नूकरमध्येही तेच दिसतं. फ्रेड डेव्हिस १९७८ च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत पोहोचला तेव्हा ६४ वर्षांचा होता. स्टीव्ह डेव्हिसने २०१० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, गतविजेत्या जॉन हिगिन्सला १३-११ असं हरवलं. रॉनी ओ’सलिव्हन २०२२ मध्ये ४६ व्या वर्षी जगज्जेता झाला. मार्क विल्यम्सने २०२५ ची अंतिम फेरी गाठली तेव्हा तो ५० वर्षांचा होता. आपल्याकडे मायकेल फरेरांनी बिलियर्ड्सची तीन जागतिक हौशी विजेतेपदं मिळवली, त्यातली दोन, १९८१ आणि १९८३ ची, चाळिशी ओलांडल्यावर.

वयाबरोबर दोन गोष्टी खरोखर जातात, आणि त्या मजकुरात नेमका त्यांचाच उल्लेख नाही. पहिली म्हणजे मनाची स्वस्थता. स्टीफन हेंड्री सात वेळचा जगज्जेता, पण स्टिक पुढे जाताना हात मध्येच अडखळतो हे दुखणं त्याला जडलं आणि २०१२ मध्ये, ४३ व्या वर्षी, त्याने खेळ सोडला. हे दुखणं स्नायूंपेक्षा डोक्याचं. दुसरी गोष्ट दम. जागतिक स्नूकरच्या अंतिम सामन्यात १८ फ्रेम, म्हणजे डाव, जिंकावे लागतात आणि तो दोन दिवस चालतो. गुडघे, कंबर, पाठ घेऊन इतका वेळ उठबस करणं साठीच्या माणसाला जड जातं. सीनियर स्पर्धेत अंतिम सामना याहून बराच लहान असतो. कौशल्याची परीक्षा तीच राहते, पाठीची मात्र सुटका होते. वेगळी टूर हवी ती याचसाठी.

“म्हाताऱ्यांचा खेळ बघायला कोण येतं?”

आपल्या शेजारचं रायपूर बघा. २०२१ मध्ये तिथे रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीजचे सामने झाले, निवृत्त क्रिकेटपटूंचे. सचिन तेंडुलकर कर्णधार होता आणि इंडिया लेजेंड्सने स्पर्धा जिंकली. २०२५ च्या मार्चमध्ये इंटरनॅशनल मास्टर्स लीगचा अंतिम सामनाही तिथेच झाला, एका बाजूला सचिन, दुसऱ्या बाजूला ब्रायन लारा. गोंदियाहून रायपूर रेल्वेने काही तासांवर. सचिनचा वेग आता पूर्वीचा नाही, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी लोक तिकीट काढून गेले.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, हे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की रात्रभराच्या नाटकाला लोक कुणाचं नाव वाचून जातात? ज्याने तीस वर्षं तीच भूमिका केली, ज्याच्या एन्ट्रीला मंडप उठून उभा राहतो, त्याचं. त्याचा आवाज थोडा बसलाय म्हणून कुणी परत जात नाही.

पूलमध्येही माणूस बॉल बघायला येतो तितकाच वैर बघायला येतो. रेयेस आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड यांचं उदाहरण घ्या. एक शांत, हसरा, दात पडलेला. दुसरा पंचांशी, प्रेक्षकांशी, स्वतःशी भांडणारा, आणि पाच वेळा यूएस ओपन जिंकलेला. १९९५ मध्ये रेनोत स्ट्रिकलंडने पांढरा बॉल असा लपवला की समोरून मारच नव्हता. रेयेसने पांढरा बॉल दोन कुशनवरून फिरवला आणि जो बॉल मारायचा होता तो पॉकेटमध्ये घातला. तो फटका आजही जगभरचे खेळाडू मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघतात. पुढच्या वर्षी हाँगकाँगला दोघांचा तीन दिवसांचा सामना झाला, १२० गेम आधी जिंकेल त्याला १ लाख डॉलर. रेयेस १२०-११७ ने जिंकला. या दोघांना पुन्हा समोरासमोर बसवा आणि मग बघायला कोण येतं ते सांगा. विशीतल्या दोन खेळाडूंमध्ये असा इतिहास अजून साचलेला नसतो. त्यात त्यांचा काही दोष नाही, तो व्हायला वर्षं जावी लागतात.

“दम असेल तर खुल्या स्पर्धेत खेळा” आणि “त्यांच्यावरचा पैसा म्हणजे तरुणांचा घास”

हे दोन्ही मुद्दे एकत्र घेतो, कारण ते एकमेकांना कापतात. स्नूकरपटू जिमी व्हाइटची गोष्ट यात सगळं सांगते. जन्म १९६२. जागतिक स्पर्धेच्या सहा अंतिम फेऱ्या खेळला, १९८४ मध्ये आणि मग १९९० ते १९९४ ओळीने पाच वर्षं. सहाही हरला. ही स्पर्धा जिथे होते त्या शेफिल्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये इतकं प्रेम आणि इतकं दुःख दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नसेल. वय वाढलं, क्रमवारी घसरली, आणि मुख्य टूरवर राहण्यासाठी त्याला निमंत्रणाचं कार्ड मिळत गेलं. त्यावर टीका झाली: टूरवर साधारण १२८ जणांना जागा, त्यातली एक म्हाताऱ्याला देऊन एका तरुणाची वाट का अडवता? टीकेत तथ्य होतं. म्हणजे तो खुल्या टूरवर राहिला तर तरुणाची जागा अडते, आणि वेगळी टूर काढली तर तरुणाचा घास जातो. मग या माणसाने करायचं काय? मजकूर लिहिणाऱ्याच्या मनात उत्तर एकच दिसतं: घरी बसावं.

आणि खुल्या स्पर्धेत दम दाखवायचाच असेल तर तोही त्याने दाखवला. २०२२ मध्ये, ६० वर्षांचा असताना, पात्रता फेऱ्या जिंकून यूके चॅम्पियनशिपच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. पण दर आठवड्याला विशीतल्यांशी असं झगडणं कुणाच्याही शरीराला पेलणारं नाही. सीनियर टूरने त्याला दुसरी वाट दिली. २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये त्याने वर्ल्ड सीनियर्स जिंकली, त्याच क्रुसिबलमध्ये, जिथे तो आयुष्यभर हरला होता. याला दान म्हणणाऱ्याने त्याच्यासमोरच्या खेळाडूंची नावं बघावीत. २०२० च्या अंतिम सामन्यात समोर केन डोहर्टी होता, १९९७ चा जगज्जेता, आणि निकाल ५-४ असा लागला. असा सामना कुणी दयेने सोडत नाही.

राहिला पैसा. एका टूरच्या बक्षिसातून कापून दुसरी चालवायची, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. सीनियर टूर स्वतःचे प्रायोजक आणते. गोल्फमध्ये अमेरिकेची सीनियर टूर १९८० पासून सुरू आहे, वयाची अट ५०. बर्नहार्ड लँगरने २०२३ मध्ये ६५ व्या वर्षी यूएस सीनियर ओपन जिंकली. इतक्या वर्षांत तिथल्या तरुणांची मुख्य टूर काही बंद पडली नाही. पैशाबाबत पूलला खरा धोका आहे तो मोठ्या घोषणांचा. ज्या वर्ल्ड ओपनमध्ये रेयेस ५ लाख डॉलर जिंकला, तिथे बक्षिसाचे पैसे वेळेवर मिळालेच नाहीत आणि ती टूर पुढे गुंडाळली गेली. त्यात म्हातारे आणि तरुण सारखेच पोळले. रक्कम लहान असली तरी चालेल, ती आधी जमा हवी.

एका गोष्टीवर माझं सीनियर टूरवाल्यांशीही जमत नाही. वर्ल्ड सीनियर्स स्नूकरची अट ४० वर्षांची आहे. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने २४ जुलै २०२५ ला चाळिशी पूर्ण केली. दोन डझनांहून जास्त जागतिक विजेतेपदं मिळवलेल्या आणि अजून ऐन भरात असलेल्या माणसाला सीनियर म्हणायचं? ४० ची अट ढिली आहे. ५० ठेवली तर ज्यांच्यासाठी ही टूर हवी तेच तिथे दिसतील.

“आपल्या खेड्यापाड्यात याचं काय?”

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. मुळात हा खेळ परका समजू नये. स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश छावणीत सुरू झालं असं मानलं जातं, आणि जबलपूर नागपूरहून रस्त्याने पाच-सहा तासांवर. आता तर तालुक्याच्या ठिकाणी बस स्टँडच्या मागे, पानठेल्याच्या बाजूला, पूलचं एखादं टेबल असतंच. संध्याकाळी तिथे कॉलेजची पोरं असतात. दुपारी मात्र एसटीतून निवृत्त झालेला चालक येतो, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी येतात, धान विकायला आलेला कास्तकार वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत एक गेम खेळून जातो. गुरुजींचा ब्रेक मऊ असतो, पण त्यांच्याकडून पांढरा बॉल मोकळा मिळत नाही. पोरं चिडतात, आणि तिथूनच शिकतात.

बघणारेही आहेत. ब्रिटनमधलं संध्याकाळचं सत्र हिवाळ्यात सात वाजता सुरू झालं की आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर बसलेल्या माणसासाठी यापेक्षा सोयीची वेळ नाही. तो पंचावन्न वर्षांचा माणूस स्क्रीनवर आपल्याच वयाचा खेळाडू चष्मा सावरत टेबलावर वाकताना बघतो. विशीतल्या खेळाडूने एका दमात टेबल साफ केलेलं बघून त्याला कौतुक वाटतं. पण जिमी व्हाइट जिंकला की तो दुसऱ्या दिवशी टेबलावर येऊन सगळ्यांना सांगतो.

कॅरमच्या स्पर्धांमध्ये “वयस्कर एकेरी” हा गट कित्येक वर्षांपासून असतो, आणि त्याला कुणी दान म्हटलेलं मी ऐकलं नाही. तालुक्यातल्या पूल स्पर्धांच्या बॅनरवर मात्र फक्त “खुला गट” छापलेला असतो. येत्या हंगामात धान निघून मंडया आटोपल्या की क्लबवाल्यांनी तिथे एक ओळ वाढवावी: वय ५० च्या पुढे, पाच गेम आधी जिंकेल तो विजयी, सामने दुपारी. आणि बक्षिसाची रक्कम पहिल्या सामन्याआधी सगळ्यांसमोर मोजून क्लबच्या मालकाकडे ठेवावी.