सगळं 'इंडियन' म्हणणारा काका

दर थोड्या दिवसांनी घरच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. विमान आपलं, प्लास्टिक सर्जरी आपली, सगळं आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवलेलं, आणि कोणी पुरावा मागितला की तो लगेच देशद्रोही. इथे इंग्लंडमध्ये बसून हे वाचलं की मला 'गुडनेस ग्रेशस मी' मधला काका आठवतो.

ही बीबीसीवरची स्केच कॉमेडी, आधी रेडिओवर होती, १९९८ ला टीव्हीवर आली, मुख्य काम करणारे चौघंही भारतीय वंशाचे. त्यात संजीव भास्कर या काकाचं, म्हणजे एका मुलाच्या बापाचं काम करायचा, त्याच्यासमोर कुठलाही विषय काढा, उत्तर एकच, इंडियन! इंग्लंडचं राजघराणं पण इंडियन, का तर सगळे एकाच घरात राहतात, घरचाच धंदा करतात आणि लग्नं घरचे ठरवतात. मुलगा बिचारा वैतागलेला.

मला हा काका मनापासून आवडतो. त्याची पिढी इथे आली तेव्हा पदोपदी अपमान गिळत जगली, टीव्हीवर तर १९७४ ला सुरू झालेल्या एका मालिकेत गोरा नट तोंडाला रंग फासून भारतीय नोकर व्हायचा आणि घराघरात लोक हसायचे. अशा देशात 'इंडियन!' असं ओरडणं ही मान ताठ ठेवायची धडपड होती, म्हणून त्याचं हसू येतं पण राग येत नाही.

२०१५ ला मुंबईत सायन्स काँग्रेसमध्ये, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संमेलनात, प्राचीन विमानांवर पेपर वाचला गेला त्याचा मात्र मला राग आला आणि अजून येतो. तिथे आपल्याला कोण हिणवत होतं? आपलाच देश, आपलंच व्यासपीठ, समोर विज्ञान शिकणारी आपलीच पोरं.

आणि खरं सांगण्यासारखं काय कमी आहे का! इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कोवासजी, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळच्या, विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवीन नाक बसवलं. आधी मेणाचं नाक करून बघितलं, मग ते चपटं करून कपाळावर ठेवलं, कडेने रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन भुवयांच्या मधे एक पट्टी तशीच जोडलेली ठेवून खाली वळवली, म्हणजे त्या कातडीला रक्तपुरवठा चालू राहतो. ऑक्टोबर १७९४ ला लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' मध्ये हे चित्रासकट छापून आलं आणि १८१४ ला जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये याच पद्धतीने ऑपरेशन केलं. हे इथल्या कुठल्याही डॉक्टरला सांगा, कोणी हसणार नाही, उलट खुर्ची ओढून बसतील आणि अजून विचारतील.

आपल्या ग्रुपवर हे का फिरत नाही? पुण्याच्या किती पोरांना कोवासजी माहीत आहे?