ताईची सही

गेल्या महिन्यात ताईचा पुण्याहून फोन आला. "तूच समजाव तिला. तुमच्याकडे तर सगळे असेच राहतात ना?" ‘ती’ म्हणजे माझी एकतीस वर्षांची भाची. गेली तीन वर्षं ज्याच्याबरोबर आहे त्याच्यासोबत तिनं कोथरूडला भाड्यानं घर घेतलंय आणि लग्न करणार नाही असं घरी सांगून टाकलंय. दोन दिवसांनी तिचाही फोन आला. "मावशी, आईला सांग ना, तिकडे सगळे असेच राहतात."

वाक्य एकच, एकीच्या तोंडी तक्रार आणि दुसरीच्या तोंडी पुरावा. मी बावीस वर्षं स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहतेय. ते वाक्य खरं आहे, पण अर्धंच.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्याला इथे ‘साम्बो’ म्हणतात. शब्द इतका रोजचा आहे की बाई ऑफिसात "माझा साम्बो आजारी आहे" असं सहज सांगते. त्यांच्यासाठी २००३ चा कायदा आहे, त्याआधी १९८७ चा होता. जोडपं म्हणून एकत्र संसार करू लागलात की तो आपोआप लागू होतो. वेगळे झालात, तर दोघांनी राहण्यासाठी म्हणून घेतलेलं घर आणि घरातलं सामान निम्मं-निम्मं वाटून मागता येतं. बँकेतले पैसे, गाडी, सुट्टीतलं घर यात येत नाही. आणि साम्बोला वारसाहक्क नाही.

हे शेवटचं वाक्य मी शेजारणीच्या घरात शिकले. ती आणि तिचा जोडीदार सव्वीस वर्षं एकत्र होते. बागेतली सफरचंदाची झाडं तिनं लावलेली. पण घर त्यानं तिला भेटायच्या आधी घेतलेलं होतं, म्हणून ते वाटणीत आलं नाही. मृत्युपत्र करायचं दोघांच्याही मनात होतं, राहून गेलं. तो अचानक गेला आणि घर पहिल्या लग्नाच्या मुलांकडे गेलं. मुलं वाईट नव्हती, त्यांना ते विकायचं होतं इतकंच. सामान बांधायला मी गेले होते. खोकी भरताना ती एकदाच म्हणाली, "आम्हाला वाटायचं, आपलं सगळं ठरलेलंच आहे."

तरीही इथे हा निर्णय घेताना छातीवर दडपण नसतं, आणि त्याचं कारण माणसांच्या धीटपणात नाही. १९७१ पासून इथे नवरा-बायकोचा कर वेगवेगळा मोजला जातो. पेन्शन ज्याची त्याची. मूल झालं की ४८० दिवसांची भरपगारी नसली तरी भत्ता मिळणारी रजा आईवडिलांत निम्मी वाटलेली असते, मग ते विवाहित असोत वा नसोत. घटस्फोटासाठी कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. सोळा वर्षांखालचं मूल घरात असेल किंवा एकाची तयारी नसेल, तर सहा महिने थांबायचं, बस्स. लग्नात शिरणं आणि त्यातून निघणं दोन्ही सोपं असलं की लग्न न करण्याला बंडाचं रूप येत नाही.

आपल्याकडे ही जमीन नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं विवाहसदृश नात्यातल्या बाईला संरक्षण दिलं, ते मोठं पाऊल होतं. पण हिंदू उत्तराधिकार कायद्यात लग्नाशिवायच्या जोडीदाराला जागा नाही. आणि उत्तराखंडच्या नव्या समान नागरी संहितेनं, जी २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, उलटी दिशा धरली. लग्नाशिवाय एकत्र राहू लागलात की महिन्याभरात नोंदणी करा, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. एकवीस वर्षांखालच्यांच्या आईवडिलांना कळवायचं, पोलीस ठाण्यालाही माहिती जायची. सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येईल, मूल औरस ठरेल, हे त्यातलं चांगलं मी मान्य करते. पण ते देण्यासाठी पोलीस ठाणं कशाला लागतं? शेजारणीकडे कुणी कधी नोंदणी मागितली नव्हती, तरी कायद्यानं जेवढं दिलं तेवढं तिला मिळालं. घरच्यांच्या धाकानं पळून आलेल्या मुलीच्या पत्त्याची सरकारी नोंद हे संरक्षण नाही.

भाचीला मी विचारलं, "तुला नको काय आहे? कन्यादान, मानपान, की लग्नच?" पहिलं नको असेल तर वाट जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, तेव्हापासून महाराष्ट्रात भटजीशिवाय लग्नं लागतायत, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदाही आहे. (त्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस मात्र गेलीच पाहिजे. घरचा विरोध असलेल्या जोडप्याला ती नोटीसच धोक्यात घालते.) ती म्हणाली, "लग्नच नको, मावशी. माझ्या मैत्रिणीचा घटस्फोट चार वर्षं चाललाय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला निदान निवडता तरी येतंय. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्या जोडप्यांना हा प्रश्न विचारायचीही सोय नाही.

मग मी तिला एवढंच सांगितलं: राहा, आनंदानं राहा, पण लिहून ठेवा. दोघांची मृत्युपत्रं करा. भाडेकरारावर दोघांची नावं घाला. बँकेत नॉमिनी लावा, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हेही लक्षात ठेवा. मोठी वस्तू घेतली तर कुणी किती दिले ते कागदावर असू दे. एकानं दुसऱ्यासाठी नोकरी सोडली, तर त्याची किंमत आधी ठरवा. बाईच सोडते बहुतेक वेळा, म्हणून हे मी दोनदा सांगितलं.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. भाचीनं ताईला विचारलं. ताईनं मला फोन केला. "मी सही केली म्हणजे मला हे मान्य आहे असं होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही. तिनं तुझ्यासमोर सही केली, एवढंच तू सांगतेस."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच्याही कागदावर करावी लागेल का?"