माझी साखर, घरादाराला पथ्य

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. फराळाच्या डब्यांत चिवड्यातलं डाळं आणि मोडक्या चकल्यांचा चुरा एवढंच उरलं होतं. तो चुरा दह्यात कालवून मी दुपारी संपवला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वार्षिक तपासणीसाठी रक्त द्यायला गेलो. रात्री मुद्दाम जेवलो नाही. वर्षभर पुस्तक न उघडलेला मुलगा परीक्षेच्या सकाळी मारुतीला जाऊन येतो ना, तशातला तो उपास.

रक्त काढणारा मुलगा सुई टोचता टोचता म्हणाला, "काका, एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचं सांगते." मग कळलं की रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढा काळ साखर अंगाला चिकटवून घेऊन हिंडत असतात. गणपतीतले उकडीचे मोदक, कोजागरीचं आटीव दूध, भाऊबीजेला बहिणीने "एवढा एकच" म्हणत वाढलेले चार अनारसे, सगळं त्यांच्या दप्तरी जमा होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडेसुद्धा माझ्या थकबाकीची इतकी चोख नोंद नसेल.

आकडा आला 6.1. डॉक्टरांनी समजावलं की 5.7 पासून 6.4 पर्यंत मधुमेहाचा उंबरठा. म्हणजे लग्न झालेलं नाही, पण पत्रिका जुळलीय. मग त्यांनी टेप काढून कंबर मोजली. 93 सेंटिमीटर. "आता श्वास सोडा," ते म्हणाले. सोडला. 98 झाली. आपल्याकडच्या पुरुषाची 90 च्या आत असावी, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

घरी आल्यावर वाटलं होतं, आता आपली सरबराई होणार. आपल्याला वेगळी भाजी, वेगळी भाकरी, शेजारी मूठभर मोड आलेले मूग. बायकोने रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "तुझ्यासाठी वेगळं काही शिजणार नाही. जे शिजेल ते सगळ्यांचं. आणि आधी सगळ्यांचं रक्त तपासून घेऊ."

तपासलं. बायको ठीक, मुलगा ठीक. सातवीतली मुलगी सुईच्या भीतीने आजीच्या मागे लपली, म्हणून ती वगळली. पंचाहत्तरीची, रोज वरणभातावर तुपाची धार धरणारी माझी आई, 5.4. घरात एकटा मीच नापास. चोराला सोडून संन्याशाला फाशी असं ऐकलं होतं. आमच्याकडे चोर पकडला आणि सोबत चार संन्याशांनाही लटकवलं.

त्याचा त्रास कसा होतो, ते सांगतो. सकाळी ताटलीत पोह्यांऐवजी मोड आलेली मटकी येते. कोणी काही बोलत नाही. मुलगा एक घास घेतो आणि सावकाश चावत माझ्याकडे बघत राहतो. बावीस वर्षं ज्याच्या फिया भरल्या, तो मुलगा. पथ्य सोसेल, ती नजर सोसत नाही.

पहिल्या आठवड्यात बायकोने क्विनोआ आणला. आईने एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला. आई मूळची बार्शीची. "बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची," ती म्हणाली. "तिला ना चव ना चिकटपणा. गरम पाण्यात उकड काढून तिचीसुद्धा भाकरी थापलीय मी. तेव्हा दुष्काळ होता म्हणून. आता काय झालंय?" प्रश्न रास्त होता. आता काय झालंय, तर मला 6.1 झालंय. चार डोळे पुन्हा माझ्याकडे वळले.

क्विनोआ चिमण्यांना गेला आणि ज्वारी आली. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केल्यापासून ज्वारी, बाजरी, नाचणी यांचं नशीब उघडलंय. पूर्वी पोत्यात असायची, आता काचेच्या बरणीत मिलेट म्हणून बसते. आईला मनापासून आनंद झाला. तिने परातीत पीठ घेतलं आणि मुलाला बोलावलं, "बस, थाप." पोरगा इंजिनिअर. त्याची पहिली भाकरी श्रीलंकेच्या आकाराची झाली, दुसरी तव्यावर टाकतानाच दुभंगली. तिसरी फुगली. फुगल्यावर त्याने तिचा फोटो काढला आणि तेवढ्या वेळात ती करपली. पण त्या दिवशी त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सगळ्या पथ्यकाळातलं ते माझं सर्वांत सुखाचं जेवण.

मिठाचं प्रकरण मात्र चिघळलं. माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. हे मुलीने शाळेतून शोधून आणलं आणि सकाळी पाच माणसांचं मीठ मोजून एका वाटीत काढून ठेवायला लागली. दुपारपर्यंत वाटी रिकामी. तपास केल्यावर कळलं, वाटी प्रामाणिक होती, पण लोणचं, पापड आणि शेंगदाण्याची चटणी यांना कोणी हिशेबातच धरलं नव्हतं. आईच्या मते लोणच्यातलं मीठ हे मीठच नव्हे. "ते मुरलेलं असतं." जिनिव्हातल्या त्या संघटनेकडे याचं उत्तर असेल तर त्यांनी थेट आईशी बोलावं.

शिवाय महिन्याला दोन एकादश्या. त्या दिवशी सगळे नियम आपोआप स्थगित. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, त्यात दाण्याचं कूट, वर तूप. मी ताटासमोर बसून हे सगळं माहीत असल्यासारखं सांगायला लागलो, तर बायको म्हणाली, "तू नको खाऊ. तुला भगर केलीय." भगरही भरडधान्यच, त्यामुळे बोलायची सोय राहिली नाही. चोरासाठी वेगळं शिजवायचं नाही हा नियम एकादशीला कुठे जातो, हे मी विचारलं नाही.

आता व्यायाम. आम्ही सहकारनगरला राहतो, म्हणजे पर्वती घरामागे. नानासाहेब पेशव्यांनी वर देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं तेव्हापासून, म्हणजे 1749 पासून, ती टेकडी माझी वाट बघत होती. पायऱ्या 103. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्या पायऱ्या माणसाच्या मापाच्या नाहीत; रुंद, उतरत्या, एका पावलात मावत नाहीत आणि दोन पावलं टाकली की उगाच नाचल्यासारखं वाटतं. पेशव्यांनी त्या मला दमवायला बांधल्या नसतील, हे मी समजू शकतो.

पहिल्या दिवशी पाचही जण पहाटे साडेपाचला निघालो. थंडी अशी की आईने कानटोपीवर शाल गुंडाळली होती. चाळीस पायऱ्यांवर मी थांबलो आणि शहराचा देखावा बघायला लागलो. अंधारात. सत्तरीचे एक गृहस्थ हाफ पॅंटमध्ये आमच्या शेजारून वर गेले, खाली आले, परत वर गेले. तिसऱ्या खेपेला ते मला म्हणाले, "बसा, बसा. पहिल्या दिवशी होतं असं." कठड्यावर बसलेल्या आईने मला पाण्याची बाटली दिली. तिचं पाणी पिऊन झालेलं होतं. तिचं सगळंच झालेलं होतं. ती वर दर्शन घेऊन परत येऊन बसली होती.

खाली उतरल्यावर समोर दोन गाड्या. एका गाडीवर दुधी, कारलं आणि आवळ्याचा रस. दुसऱ्या गाडीवर गरम इडली, शेजारी चहा. पुण्यातल्या सगळ्या टेकड्यांच्या पायथ्याशी पुण्य आणि पाप असे शेजारी शेजारी धंदा करतात आणि गर्दी कुठे असते ते मी सांगायला नको. आम्ही कारल्याचा रस घेतला. मग तोंडाची चव जावी म्हणून इडली घेतली. मग इडली कोरडी लागली म्हणून चहा.

मुलाने तिसऱ्याच दिवशी टेकडीला नकार दिला आणि पुरावा म्हणून जपान पुढे केलं. रोज दहा हजार पावलं हा आकडा कोणा वैद्याचा नाही म्हणाला. टोकियोत 1964 ला ऑलिंपिक झालं, त्या उत्साहात पुढच्या वर्षी तिथे पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव मानपो-केई, अर्थात दहा हजार पावलं मोजणारं. "म्हणजे आपण एका जुन्या जाहिरातीसाठी उठतोय पाच वाजता." बाकी कशात नाही, पण झोपेच्या बाबतीत या पोराचं संशोधन डॉक्टरेटच्या तोडीचं असतं. बायको म्हणाली, "बरं, मग सात हजार चाल." आणि सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं आली.

घड्याळांनी घरातली शांतता घालवली. रात्री नऊला मुलगी फ्रिजवरच्या तक्त्यात आकडे भरायची. मी शेवटच्या क्रमांकावर, हे ठरलेलंच. पण गुरुवारी आई सगळ्यांच्या पुढे जायची. बारा हजार, एकदा साडेतेरा हजार. गुडघ्यांना पट्टा बांधणारी बाई गुरुवारीच एवढी कुठे जाते, याचा छडा मुलीने लावला. गुरुवारी भजनी मंडळ असतं. आई टाळ वाजवते. घड्याळ बिचारं मनगट हललं की पाऊल धरतं. आमच्या आईने बसल्या जागी, अभंगाच्या चालीवर, पंढरपूरच्या दिशेने बरीच मजल मारली होती.

आईला हे सांगितलं तेव्हा ती जराही वरमली नाही. "मनाने तिथेच असते मी," म्हणाली.

मग रथसप्तमी आली आणि बायकोने सूर्यनमस्कार काढले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकात संस्थानभर शाळाशाळांत सूर्यनमस्कार घालायला लावले होते, हे मी शाळेत असताना एका सरांकडून ऐकलं होतं. त्या संस्थानातली पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली. आमचा हॉल दहा बाय बारा. सोफा भिंतीला सरकवून चौघं उभे राहिलो, की पुढे वाकलेल्या माणसाचं डोकं टीपॉयखाली जातं. आई खुर्चीवर बसून मंत्र म्हणायची. मित्राय नमः, रवये नमः, सूर्याय नमः. सूर्याची बारा नावं, एका नमस्काराला एक. पहिल्या दिवशी मी पाचव्याला, खगाय नमःला, जमिनीवर पालथा पडलो तो तसाच राहिलो. तिथून सोफ्याखालचं छान दिसत होतं. टीव्हीचा हरवलेला रिमोट होता. थोडं पलीकडे दिवाळीतली एक अख्खी चकली होती.

मी तिच्याकडे बघितलं. आई वरून म्हणाली, "पूष्णे नमः. ऊठ." आमच्या घरात हिरण्यगर्भाय नमः ऐकू यायला पुढचे तीन आठवडे लागले.

पट्टा एक भोक आत गेला, हे खोटं नाही. मुलाला भाकरी नीट यायला लागली. बायकोने जिने चढताना मोबाईल बघणं सोडलं. दुसऱ्या तपासणीचे तीन महिने पुढच्या मंगळवारी भरत होते आणि अशा वेळी, काठाशी आल्यावर, माणसाला वाटतं की आता एकाने काय होतंय.

ऑफिसातून येताना मी कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीशी थांबलो. तीन महिन्यांत त्या फुटपाथवरून गेलो नव्हतो. कढईत वडे वर आले होते. "एक दे," मी म्हटलं.

गाडीवाल्याने झारा तसाच धरला. "काका, तुम्हाला बंद आहे ना?"

"कोण म्हणालं?"

"छोट्या ताई सांगून गेल्यात. फोटो दाखवून गेल्या तुमचा." मग जरा थांबून तो म्हणाला, "आजीपण येऊन गेल्या परवा. त्या म्हणाल्या, माझा मुलगा आला तर अजिबात द्यायचा नाही. अगदी बजावून गेल्या."

मला भरून आलं. पंचाहत्तर वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा बांधून कोपऱ्यापर्यंत आली.

"आणि जाताना दोन घेऊन गेल्या," तो म्हणाला.

घरी आलो तेव्हा आई देवघरासमोर जप करत होती. मनगटावर घड्याळ, हातात माळ. मी चप्पल काढली, हातपाय धुतले आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.

"आई, वड्यांबरोबर चटणी कसली दिली त्याने?"

माळ थांबली नाही.

"लसणाची," ती म्हणाली. "मीठ जरा जास्त होतं तिच्यात."