कॉफीच्या टरफलांच्या चहाला मिळालेल्या एक स्टार रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमच्या तीन तक्रारी आहेत: एक चमचा घालून उकळला तर नुसतं रंगीत पाणी झालं, दूध घातलं तर फाटलं, आणि पाकिटावर 'हर्बल टी' वाचून आईंना रात्री दिला तर त्यांना पहाटेपर्यंत झोप नाही. वर तुम्ही लिहिलंय की आम्ही कॉफीचा कचरा पॅक करून विकतो.

आधी आईंचं, कारण ते वाचून खरंच वाईट वाटलं. चूक शंभर टक्के आमची आहे. या टरफलांमध्ये कॅफिन असतं, कपभर कॉफीपेक्षा बरंच कमी असतं पण असतं, आणि ज्याला त्याची सवय नाही त्याला रात्री तेवढंही पुरतं. आम्ही पुढे मोठ्या अक्षरात 'हर्बल' छापलं आणि कॅफिनची ओळ मागे बारीक टाईपात, असं करायला नको होतं. आईंना आमच्याकडून मनापासून सॉरी सांगा.

दुधाचंही तेच. 'चहा' म्हटलं की कोणीही दूध घालणारच, त्यात तुमचं काय चुकलं. पण खरं तर यात चहाची पत्ती अजिबात नसते, कॉफीचं फळ पिकून लाल झालं की आतल्या बिया काढून घेतात (त्याच आपल्या कॉफी बीन्स) आणि उरलेली साल गरासकट वाळवतात, ती ही. म्हणजे हा फळाचा काढा आहे, आंबटसर आहे, म्हणून दूध फाटतं.

आता पांचटपणा. हातात घेऊन बघा, टरफलं सुकलेल्या मनुकांसारखी सुरकुतलेली पण एकदम हलकी असतात, चमचा भरलेला दिसतो आणि वजन काहीच नसतं. त्यामुळे चमच्याने मोजू नका, १५ ग्रॅम घ्या ३०० मिली पाण्याला, वरून उकळतं पाणी ओता, झाकण ठेवून ५-६ मिनिटं थांबा आणि गाळा. मग मनुका, जास्वंद अशी चव लागते, कॉफीची चव मात्र लागणार नाही कारण ती बी भाजल्यावर येते आणि इथे बी पण नाही आणि भाजणं पण नाही.

'कचरा' या शब्दावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. बऱ्याच ठिकाणी ही साल टाकून देतात किंवा खतात जाते हे खरंय, पण त्या ढिगातली साल पिता येतच नाही! ओली साल ढीग करून ठेवली की लगेच आंबते, बुरशी धरते. प्यायची असेल तर पिकलेली फळंच निवडायची, धुवायची, साल निघाली की लगेच पातळ थर करून पसरायची आणि सारखी हलवत राहायचं, एक थर जाड राहिला की वास येतो आणि सगळा लॉट फेकायला लागतो, आम्ही फेकलाय. येमेनमध्ये हेच 'किश्र' म्हणून आलं घालून पितात, पिढ्यानपिढ्या. याला 'कास्कारा' असंही म्हणतात, ते नाव स्पॅनिश आहे, अर्थ साधा, साल. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून याला परवानगी दिली. ज्या गोष्टीला एवढं जपावं लागतं तिला कोणी कचरा म्हटलं की आमच्याकडे वाळवणाऱ्या लोकांना लागतं, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

तुमचे पूर्ण पैसे परत पाठवतोय, पाकीट परत करायची गरज नाही. 'हर्बल टी' हे शब्द नवीन लेबलवरून काढलेत, कॅफिनची ओळ पुढे घेतलीये आणि 'दूध घालू नका' पण लिहिलंय. उरलेलं फेकू नका, रात्री गार पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळून प्या, तसा आंबटपणा कमी लागतो. आणि तरीही नाही आवडला तर एक स्टार तसाच राहू द्या, आम्ही काढायला सांगणार नाही.