विमा एजंट खरा की खोटा, ते फॉर्म भरताना कळतं

बाबांच्या मेडिक्लेमचा फॉर्म आमच्या सातारच्या घरी पुढच्या खोलीत चहा पिता पिता भरला गेला, २०२१ साली. एजंट आमच्याच आळीतले, बाबांना दादा म्हणणारे, गणपतीला घरी येणारे. आजारपणाचा कॉलम आला तेव्हा बाबांनी स्वतःहून सांगितलं की मला सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे. त्यावर ते म्हणाले, "अहो दादा, शुगर काय आता घरोघरी आहे, ते लिहीत बसलो तर मेडिकल तपासणी लागेल, प्रीमियम वाढेल, उगाच कटकट. मी आहे ना." आणि सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' वर खुणा करत गेले. बाबांनी खाली सही केली. मी तिथेच बसले होते, मला त्यात काही चुकीचं वाटलंसुद्धा नाही, ही गोष्ट मला आजही टोचते.

२०२३ मध्ये बाबांच्या पायाला जखम झाली, शुगरमुळे ती चिघळली, बारा दिवस हॉस्पिटल, बिल २ लाख ८४ हजार. कॅशलेस नाकारलं, नंतर क्लेमही नाकारला, कारण केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं की डायबेटीस आठ वर्षांपासून, आणि आमच्या फॉर्मवर होतं 'नाही'. पाठोपाठ पॉलिसीही रद्द झाली. त्या एजंट काकांना फोन केला तर म्हणाले, दादांनी मला असं काही सांगितलंच नव्हतं. माझ्या वकील मित्राने फॉर्म उलटून बघितला आणि एवढंच विचारलं, "सही कोणाची आहे?"

बाबा त्यानंतर महिनाभर नीट बोलत नव्हते. पैसे गेले त्याचं होतंच, पण आयुष्यभर कुठल्या कागदावर खोटं न लिहिलेल्या माणसाला कंपनीच्या पत्रात 'माहिती लपवली' असं वाचावं लागलं ना, ते त्यांना फार लागलं.

तेव्हापासून मला कोणी विचारलं की अमुक एजंट विश्वासू आहे का, कसं ओळखायचं, तर मी त्याचं बोलणं, ओळख, किती वर्षं धंद्यात आहे हे काहीच विचारत नाही. मी विचारते की फॉर्म भरताना तो काय करतो. कारण तिथे खरं लिहिलं तर त्याचं काम लांबतं, मेडिकल लागतं, कदाचित पॉलिसी होतच नाही आणि कमिशन जातं, आणि असं नुकसान होत असतानाही जो खरं लिहायला लावतो तोच आपला माणूस.

असा माणूस मी बघितलाय म्हणून सांगते. पुढच्या वर्षी आईची पॉलिसी काढायची होती तेव्हा एक ताई आल्या. त्यांनी ब्रोशर काढलंच नाही, आधी म्हणाल्या, "काकू, रोजच्या गोळ्या कुठे ठेवता? तो डबा आणा." आईने फ्रिजवरचा पेढ्यांचा जुना डबा आणला. ताईंनी एकेक स्ट्रिप बाहेर काढून टेबलावर मांडली, थायरॉईडची, बीपीची, आणि एक अर्धी संपलेली जिच्यावर नाव पुसट झालं होतं, ती आईलाही आठवेना कशाची, तर त्यांनी डॉक्टरांना फोन करायला लावला. सगळी नावं फॉर्मवर आली. मग स्वतःहून सांगितलं की बीपीसाठी तीन वर्षं वेटिंग धरून चाला, म्हणजे तोवर त्याचा क्लेम मिळणार नाही, मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल पहिली दोन वर्षं मिळणार नाही, आणि लोडिंग, म्हणजे आजारांमुळे जादा आकार, लागलं तर प्रीमियम वाढेल. आई जरा नाराज झाली, तिला वाटलं एवढं सगळं लिहिलं तर पॉलिसी देतील का. ताई म्हणाल्या, "काकू, उद्या मी असेन नसेन, क्लेमच्या टेबलावर बसलेला माणूस हा कागदच वाचणार." एका कंपनीने नाही म्हणून कळवलं, दुसरीने लोडिंग लावून दिली. दोन महिने गेले ताईंचे त्यात.

आता हल्ली एक अर्धसत्य फार ऐकायला मिळतं, की पाच वर्षं प्रीमियम भरला की कंपनी काहीच करू शकत नाही, तोवर गप्प बसा. २०२४ पासून हेल्थ पॉलिसीत साठ महिन्यांनंतर जुना आजार लपवला म्हणून क्लेम नाकारता येत नाही हे खरंय, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण नाही, आणि पहिल्या पाच वर्षांत माणूस आजारी पडणार नाही असं कोणी लिहून दिलंय का?

पॉलिसी घेताना कंपनीकडून येणाऱ्या व्हेरिफिकेशन कॉलचं पण तेच. "कॉल आला की सगळ्याला हो म्हणा" असं जो सांगतो त्याच्याकडून काही घेऊ नका. तो कॉल आपल्यासाठी असतो, तुम्हाला काय सांगून विकलं ते तपासायला. आणि "पहिल्या हप्त्यातले थोडे मी परत देतो" म्हणणाराही नको, विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणं आणि घेणं दोन्ही बेकायदा आहे, आणि जो पहिल्याच दिवशी तुम्हाला आपल्या चुकीत सामील करून घेतो तो पुढे काय करेल.

लाइफच्या सेव्हिंगवाल्या पॉलिसीत मी फक्त एक प्रश्न विचारते, वर्षाला किती टक्के परतावा पडतो? समजा वर्षाला ५० हजार, १५ वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी साडेबारा लाख मिळणार. ऐकायला साडेसात लाखांचे साडेबारा लाख, पण मोबाईलवर एक्सेलमध्ये आयआरआर, म्हणजे वर्षाचा खरा परतावा, काढा, चार टक्केसुद्धा पडत नाहीत. असं असूनही कोणाला सक्तीची बचत म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण एजंटने तो आकडा तोंडाने सांगितला पाहिजे. आणि बेनिफिट इलस्ट्रेशनच्या, म्हणजे पुढे किती मिळू शकेल ते दाखवणाऱ्या, तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात, ते नुसते गृहीत धरलेले दर आहेत. जो फक्त ८ वाल्या रकान्यावर बोट ठेवून बोलतो त्याला ४ वाला वाचून दाखवायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा. अशा लांब मुदतीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून एजंटला मोठं कमिशन असतं, त्यात गैर काही नाही, तो त्याचा पोटापाण्याचा धंदा आहे, उन्हातान्हात फिरतात बिचारे, मार्चमध्ये टार्गेट डोक्यावर. पण म्हणूनच तर विचारायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॉलिसीचं पाकीट उघडा. त्यात शेवटी तुमच्याच फॉर्मची प्रत असते. बाबांचं पाकीट कपाटात साड्यांखाली दोन वर्षं सीलबंद पडून होतं, क्लेम नाकारल्यावर उघडलं आम्ही. आता पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लुक, म्हणजे वाचून परत करायची मुदत, असतो, वाचा, चुकीचं असेल तर लगेच लेखी कळवा, नकोच असेल तर परत करा. वेळ निघून गेली तर कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल आहे, मुंबईत आहे, पुण्यात आहे, फी लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात, कंपनीकडे आधी लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. पण तिथेही समोर येणार तो हाच सहीचा कागद.

आईचं पाकीट आलं तेव्हा बाबांनीच ते कात्रीने कापलं, चष्मा लावून फॉर्मची सगळी पानं वाचली आणि पेढ्यांचा डबा शेजारी घेऊन एकेक गोळी टिक करत बसले.