अर्धा माणूस, अर्धं यंत्र: कर्नलचा सांधा नीट लिहा

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी ही पोस्ट.

कर्नल स्टीव्ह ऑस्टिन आठवतोय? १९७०च्या दशकातल्या ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या अमेरिकी मालिकेतला वैमानिक. अपघातात उजवा हात, दोन्ही पाय आणि डावा डोळा गेला, तिथे यंत्रं बसली आणि गडी ताशी ६० मैलांनी धावू लागला. असा लष्करी अधिकारी रंगवताना आपण यंत्राच्या ताकदीवर पानंच्या पानं खर्च करतो. माझ्या मते खरी गोष्ट सांध्यात आहे, धातू संपून हाड सुरू होतं तिथे.

साधा हिशोब करा. सरळ पुढे धरलेल्या हातात १०० किलो वजन, खांद्यापासून अंतर ६० सेंटिमीटर. खांद्यावर जवळपास ६०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. हात पोलादी असेल, पण तो धडाला हाडाने जोडला जातो तो फक्त गळपट्टीच्या हाडातून. मागचं पसरट हाड स्नायूंवरच तरंगतं. मोटारगाडी उचलली जाण्याआधी कर्नलचा खांदा उखडेल आणि मणके दबतील. ताकद हवी असेल तर पाठीचा कणाही बदला, आणि ती शस्त्रक्रिया कथेत दाखवा.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि ती फार कमी जण लिहितात. भाजलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर वापरतात त्या नवाच्या नियमाप्रमाणे एक पाय म्हणजे १८ टक्के त्वचा, हात ९ टक्के. दोन पाय आणि एक हात पूर्ण गेले तर ४५ टक्के त्वचा गेली, म्हणजे घाम येण्याची तेवढी जागा गेली. त्यात ताशी ६० मैलांनी पळताना नुसती हवा कापायलाच सहा-एक किलोवॅट लागतात. मोटरने त्यातला पाचवा हिस्सा उष्णतेत घालवला तरी एका गीझरच्या निम्म्याहून जास्त ताप सांध्याजवळच्या मांसाला चिकटून बसतो. वाळवंटातल्या मोहिमेत हा अधिकारी गोळीआधी उष्माघाताने पडेल.

आता जोडणी. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे, त्यामुळे ही विद्या आपल्याला परकी नाही. सॉकेट, म्हणजे उरलेला अवयव ज्यात बसतो ती खोबण, वापरलंत तर दिवसभरात उरलेल्या अवयवाची सूज उतरते, सॉकेट सैल होतं, आत मोजा वाढवावा लागतो. घामाने त्वचेवरचे, स्नायूंचे इशारे टिपणारे इलेक्ट्रोड सरकले की हाताला चुकीचा इशारा जातो. मुठीत पिस्तूल असेल तर काय होईल, विचार करा.

टायटॅनियमची दांडी थेट हाडात रुजवली तर पकड उत्तम, पण ती कातडीतून बाहेर येते तिथली जखम कधीच पूर्ण मिटत नाही. ती रोज धुवायची, नाहीतर संसर्ग हाडापर्यंत जातो. खंदकात आठवडा काढणाऱ्या माणसाला स्वच्छ पाणी कुठून मिळणार?

आणि पडल्यावर? दांडीने हाड फुटू नये म्हणून खऱ्या जोडणीत ठरावीक पिळाला सुटणारा भाग ठेवतात. तुमच्या कर्नललाही तो द्या. स्फोटाच्या धक्क्याने पाय निखळू दे, हाड शाबूत राहू दे, आणि धुरात चाचपडत त्याला तो पाय शोधू दे.